बत्तीस कधी मिळवायचे, कधी नाही

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की भंडाऱ्यातल्या घरांत दोन तऱ्हेचे आकडे बोलले जातात: बाहेरचा पारा सेल्सिअसमध्ये, अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये. १.८ ने गुणून ३२ मिळवले की सेल्सिअसचे फॅरनहाइटमध्ये रूपांतर होते आणि हे सूत्र सगळीकडे लागू पडते, असा समज आहे. लागू पडते ते फक्त नोंदीला. बर्फ वितळण्याचा बिंदू एका पट्टीवर ०, तर दुसरीवर ३२ आहे, म्हणून ३२ मिळवावे लागतात. दोन नोंदींची वजाबाकी करताना ते दोन्हीकडून उडून जातात. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० ला पोचले आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी वर गेले, की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. ही ४.५ अंशांची वाढ फॅरनहाइटमध्ये ८.१ होते, ४०.१ नव्हे. पडताळून पाहा: ४५ म्हणजे ११३, ४०.५ म्हणजे १०४.९. जागतिक तापमानवाढीचे १.५ अंशही असेच २.७ होतात, ३४.७ नाही.

हवामान आपण सेल्सिअसमध्येच मोजतो, मग हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. कारण आपला थर्मामीटर अजून फॅरनहाइट दाखवतो आणि १०२ हा आकडा ४५ पेक्षा मोठा दिसतो. प्रत्यक्षात १०२ म्हणजे ३८.९ सेल्सिअस. मे महिन्यात उन्हाळी धानाच्या कापणीवर असलेल्या मजुराभोवतीची ४५ अंशांची हवा तापाने फणफणलेल्या माणसापेक्षाही ६ अंशांनी गरम असते. अशा हवेत उष्णता शरीराबाहेर जात नाही, उलट आत शिरते. सुटका होते ती घाम वाळल्यानेच. पंखाही हवा थंड करत नाही, तो घाम वाळवतो; पोटात पाणी आणि अंगावर ओलावा नसेल तर त्याचा झोत तापवतोच. ही गोष्ट मला सूत्रापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

‘दुप्पट करून ३० मिळवा’ हा तोंडी हिशेब पुरेसा आहे, असेही म्हटले जाते. हिवाळ्यातल्या १० अंशांना तो बिनचूक ५० देतो. पण पारा चढेल तशी चूक वाढते: ४५ चे १२० होतात, खरे उत्तर ११३. उष्माघातात शरीराचे तापमान साधारण ४० सेल्सिअसच्या वर जाते. या हिशेबाने ते ११० येते, थर्मामीटरवर मात्र ती रेषा १०४ ला असते.