मिनीचं नाक बदलायचं तर…

मिस्टर बीनची ती पोपटी रंगाची, काळ्या बॉनेटची, दाराला चक्क कुलूप लावलेली गाडी तुम्ही पाहिली आहे ना? तीच इंग्लंडची ‘मिनी’. अ‍ॅलेक इसिगोनिस नावाच्या इंजिनिअरने ती तयार केली आणि २६ ऑगस्ट १९५९ रोजी ती लोकांसमोर आली. ऑक्टोबर २००० पर्यंत अशा ५३ लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यातल्या कितीतरी अजून धावताहेत. मालक त्यांना हौसेने जपतात, सुटीच्या दिवशी बॉनेट उघडून हात काळे करतात. त्यांचं एक आवडतं काम म्हणजे जुना कार्बोरेटर काढून दुसरा बसवणं. गंमत अशी, की या एका कामात विज्ञानाचे तीन-चार धडे दडलेले आहेत!

हा कार्बोरेटर करतो काय?

पेट्रोल नुसतं जळत नाही, त्याला हवा लागते. किती? १ ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम. म्हणजे १ लिटर पेट्रोल जळायला जवळजवळ ९ हजार लिटर हवा! हे मिश्रण जमवून देणारं इंजिनाचं नाक म्हणजे कार्बोरेटर.

घरी करून पाहा. ग्लासात रंगीत पाणी घ्या. त्यात एक स्ट्रॉ उभी धरा आणि दुसऱ्या स्ट्रॉने तिच्या वरच्या तोंडावरून आडवी, जोरात फुंकर मारा. पाणी वर चढून तुषार उडतील. आईबाबांना डास मारायचा जुना फ्लिटचा पंप आठवत असेल, तोही असाच चालायचा. कार्बोरेटरच्या घशातून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढलं जातं. त्या छिद्राला म्हणतात ‘जेट’.

चपलांच्या दुकानातून मोटारीत

मिनीला ‘एसयू’ कार्बोरेटर असे. एसयू म्हणजे ‘स्किनर्स युनियन’. जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांच्या घरचा धंदा चपला-बुटांचा. त्यामुळे त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता होता! पुढे भात्याची जागा धातूच्या घंटेसारख्या डब्याने घेतली. त्यात एक दट्ट्या वर-खाली होतो. दट्ट्याच्या तळाशी निमुळती सुई असते आणि ती जेटमध्ये उतरलेली असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की दट्ट्या उचलला जातो. हवेची वाट रुंदावते, सुई वर सरकते आणि पेट्रोललाही जास्त वाट मिळते. हवा वाढली, की पेट्रोलही वाढलं. किती साधी युक्ती!

आता पाने घ्या हातात

सुरुवातीच्या ८४८ सीसीच्या मिनीला सव्वा इंच घशाचा ‘एचएस २’ कार्बोरेटर होता. १९७४च्या सुमारास दीड इंचाचा ‘एचएस ४’ आला. जुन्या गाडीच्या मालकाला वाटतं, आपणही मोठा बसवावा, पिकअप वाढेल.

इंजिन थंड होऊ द्यायचं. बॅटरीची वायर काढायची. पेट्रोल आणि ठिणगी एकत्र नकोत, बरं का! मग एअर फिल्टर काढायचा. पेट्रोलची नळी, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, चोकची केबल सोडवायची आणि नट काढून कार्बोरेटर उचलायचा. नवा बसवताना गास्केटही नवंच हवं. फटीतून चोरटी हवा शिरली, की सगळं गणित चुकतं.

मिनीत हा कार्बोरेटर इंजिनाच्या मागे, अडचणीच्या जागी असतो. असं का? आधी तो पुढच्या बाजूला होता. पण पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते. हातावर स्पिरिट लावलं, की गार वाटतं ना, तसंच. इंग्लंडच्या दमट थंडीत पुढून येणारा गार वारा आणि हा गारवा मिळून कार्बोरेटरमध्ये चक्क बर्फ धरायचा! इंजिन उलटं फिरवून बसवण्यामागे हे एक कारण होतं.

खरी परीक्षा सुईची

नट आवळले म्हणजे काम संपलं असं नाही. घसा रुंद झाला, म्हणजे सुईही वेगळ्या उताराची हवी. सुया केसाएवढ्या फरकाने वेगळ्या असतात, म्हणून त्यांच्यावर ओळखीची अक्षरं कोरलेली असतात. चुकीची सुई लावली आणि पेट्रोल कमी पडलं, तर इंजिन जास्त तापतं, प्रसंगी व्हॉल्व्ह किंवा पिस्टनही जळतो. पेट्रोल जास्त झालं, तर काळा धूर, काजळलेला प्लग आणि अ‍ॅव्हरेजचा बोऱ्या!

मग अंदाज कसा घ्यायचा? इंजिन गरम करून, चालू ठेवून दट्ट्या अगदी मिलिमीटरभरापेक्षाही कमी उचलायचा. वेग वाढून तसाच राहिला, तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन अडखळलं, तर कमी. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झालं, तर अगदी बरोबर! जेटखालचा सहा कडांचा नट एकेक कड फिरवत हे जमवायचं. इथे घाई उपयोगाची नाही, कान हवा.

आणि हो, नुसतं नाक मोठं करून कुणी पळण्यात पहिला येतो का? फिल्टर, हवेची वाट, धुराचा पाइप, सगळं जुळलं तरच मोठ्या कार्बोरेटरचा फायदा दिसतो.

आज नव्या मोटारींत कार्बोरेटर नाही. संगणक मोजूनमापून पेट्रोल फवारतो. मिनीनेही पुढे कार्बोरेटरला निरोप दिला. पण संगणकापुढचं कोडं तेच आहे : या क्षणी हवा किती आणि पेट्रोल किती? तुमच्या ओळखीच्या गॅरेजात एखादी जुनी स्कूटर आली, तर आईबाबांबरोबर जाऊन तिचा कार्बोरेटर उघडताना जरूर पाहा. हात लावायचा तो मात्र मेकॅनिककाकांना विचारूनच!