भिंतीतून आली आगगाडी!

चित्रकलेच्या तासाला चौथीतल्या एका मुलीने स्वयंपाकघर काढलं. ओटा, हंडा, फडताळ... आणि फडताळातून डोकावणारी म्हैस! मी म्हटलं, "अगं, म्हैस इथे कशी? खोड ती." तिने मुकाट्याने खोडली. घरी आल्यावर मला बेल्जियमचे चित्रकार रने मॅग्रित आठवले, आणि चूक माझीच होती हे कळलं.

थंड देशांत ऊब मिळावी म्हणून घराच्या भिंतीतच शेकोटी बांधलेली असते. मॅग्रित यांनी १९३८ साली अशीच एक खोली रंगवली. शेकोटीवर घड्याळ, मागे आरसा. आणि शेकोटीतून चक्क आगगाडीचं इंजिन बाहेर येतंय! खाली रूळ नाहीत. धूर मात्र शहाण्यासारखा धुराड्यात जातोय. अशा चित्रांना अतिवास्तववादी म्हणतात. बाकी सगळं अगदी जिथल्या तिथे आहे, म्हणूनच इंजिन पाहून आपण दचकतो. सगळंच विचित्र असतं, तर त्याच्याकडे कोण बघणार?

आल्बेर लामोरिस यांच्या 'द रेड बलून' या १९५६ सालच्या लघुपटातही हीच युक्ती आहे. तो जेमतेम ३४ मिनिटांचा, संवाद अगदी थोडे. पॅरिसच्या करड्या गल्ल्या, करड्या भिंती आणि एका मुलामागे फिरणारा लालभडक फुगा! कितीही गर्दी असो, आपली नजर फुग्यावरच जाते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला म्हटलं, "म्हैस परत काढ. फडताळ मात्र नीट काढ हं!"

तुम्हीही काढून बघा. आणि आईबाबा, खोडरबर जरा लांबच ठेवा!