हळदीचे डाग पडलेली पुस्तके

दिवाळी आठ दिवसांवर आली, की बहुतेक घरांत एक पुस्तक फळीवरून खाली उतरते. त्याचा पुठ्ठा सुटलेला असतो, पाने तेलाने पारदर्शक झालेली असतात आणि मधल्याच एखाद्या पानावर हळदीचे बोट उमटलेले असते. कादंबरी वाचून झाली, की कपाटात जाते. पाककृतींचे पुस्तक मात्र वाचून कधी संपतच नाही! अशा पुस्तकांची आवड असणाऱ्या भगिनींसाठी, आणि ती गुपचूप चाळणाऱ्या बंधूंसाठीही, ही थोडी ओळख.

स्वयंपाकावर लिहिण्याची हौस आपल्याकडे फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राज्यकारभाराबरोबर मांडे, वडे आणि मासेही आहेत! सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' लिहून कोणत्या पदार्थाचे गुण काय, हे सांगितले. पण हे ग्रंथ राजांचे आणि पंडितांचे. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या हाती ते येणार कसे?

छापखाना आला आणि हे पालटले. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले. (सूप म्हणजे हॉटेलातले सूप नव्हे हो! संस्कृतात सूप म्हणजे वरण आणि सूपकार म्हणजे आचारी.) पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणीमित्र' या पुस्तकात हजार पाकक्रिया दिल्या. आता शिकवणारीही गृहिणी आणि शिकणारीही गृहिणी. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. तिच्या लाखावर प्रती घरोघर गेल्या.

'रुचिरे'ने असे काय केले? तिने वाटी आणि चमचा यांचे माप दिले. तोवर सासूबाई सांगत, "अंदाजाने घाल." पण अंदाज यायला शेजारी सासू हवी! नोकरीच्या गावी दोन खोल्यांत एकटीने संसार मांडणाऱ्या मुलीला तो कोण देणार? तिला वाटीने धीर दिला.

तरीही पुस्तकाची खरी परीक्षा मापात नाही, पदार्थ बिघडल्यावर आहे. तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदलले, वाळवून कुटले, गुळात मळून पीठ मुरवले, आणि एवढे करून तुपात सोडलेला अनारसा हसला, तर? थोडी तांदळाची पिठी मिसळून पाहा, असे सांगते ते पुस्तक चांगले. चकली तेलात विरघळली, तर मोहन जास्त झाले, हे सांगते ते आणखी चांगले.

अशी पुस्तके उसनी द्यावीत. मात्र देताना एक अट घालावी, की जिने नेले तिने समासात पेन्सिलीने आपला अनुभव लिहावा. 'आमच्या तांदळाला पाणी कमी लागते', 'गूळ चिकीचा नको', 'मुलांसाठी तिखट निम्मे'. चार घरे फिरून आलेले पुस्तक छापलेल्या पुस्तकाहून शहाणे होऊन परत येते.

पण एक पुस्तक कुठल्याच दुकानात मिळत नाही. ते आपल्या आजीच्या हातात आहे. गोडा मसाला किती भाजायचा, हे तिला वासावरून कळते, भाजणी झाली, हे रंगावरून. तिने ते कुठेही लिहून ठेवलेले नाही. हात थांबला, की चवही थांबते, आणि मग घरभर नुसती आठवण उरते : "तिच्यासारखी चकली पुन्हा झाली नाही!"

म्हणून भगिनींनो, या दिवाळीला एवढे कराच. आजीने भाजणीसाठी मूठभर धने घेतले, की ती मूठ आधी वाटीत रिकामी करायला सांगा. किती भरली ते पाहा आणि वहीत टिपून ठेवा. आजी हसेल, थोडी रागावेलही. वहीला हळद लागली, तर लागू द्या.