न्यूझीलंडची इंजिनिअरिंग पदवी आणि आठशे तास
आपल्या बी.ई.सारखीच न्यूझीलंडमधली बी.ई. ऑनर्सही चार वर्षांची, 480 क्रेडिटची. कँटरबरी विद्यापीठात पहिलं वर्ष सामायिक असतं. शाखा त्यानंतर मिळते. याशिवाय न्यूझीलंडमध्ये तीन वर्षांची इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी पदवी आणि दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. तीन वर्षांत ‘इंजिनिअर’ करून देतो असं एखादा एजंट सांगू लागला, तर तो बहुधा ही दुसरी पदवी विकतोय असं समजावं.

खरा फरक कामाच्या अनुभवात आहे. ऑकलंड, वायकाटो अशा विद्यापीठांत अभ्यासाबरोबर सुमारे 800 तास प्रत्यक्ष काम करावं लागतं. आठवड्याला 40 तास धरले, तर वीस आठवडे. तिथली उन्हाळी सुट्टी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणून अशा दोन सुट्ट्यांत मुलं ते उरकतात. कुणी साइटवर, कुणी डिझाइन ऑफिसात. नंतर अहवाल लिहायचा. सगळे विषय सुटले, पण तास भरले नाहीत, तर पदवी अडते. आपल्याकडच्या ‘सर्टिफिकेट आणून द्या’ छापाच्या इंटर्नशिपपेक्षा हे बरं.

न्यूझीलंड 1989पासून आणि भारत 2014पासून इंजिनिअरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन करारात आहे. त्यामुळे इथून बी.ई. करून तिकडे जाणाऱ्यांनी आपल्या अभ्यासक्रमाला एनबीएची (नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन) या करारात धरली जाणारी टियर-1 मान्यता आहे का, हे आधी तपासावं.