काडेपेटीतला त्रिकोण

मध्य प्रदेशातील एका सरकारी शाळेत सहावीच्या वर्गात बसण्याची संधी मला मध्यंतरी मिळाली. फळ्यावर नेहमीचा त्रिकोण होता. पाया आडवा, टोक वर. शिरोबिंदू किती, बाजू किती, कोन किती, या प्रश्नांना वर्गाने एका सुरात ‘तीन’ असे उत्तर दिले. मग शिक्षिकेने पुठ्ठ्याचा त्रिकोण टोकावर उभा धरला आणि त्याचा पाया विचारला. वर्ग गप्प झाला. एक मुलगी हळूच म्हणाली, ‘मॅडम, हा उलटा आहे. याला पाया नाही.’

या उत्तराला हसण्याचे कारण नाही. मुलीने त्रिकोण पाठ केला होता, हाताळला मात्र नव्हता. 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी झालेल्या गणितविषयक टिपणात बहुसंख्य मुलांच्या मनातील भीती आणि अपयशाची भावना ही मोठी समस्या मानली होती. ती भीती अशाच ठिकाणी उगवते.

शिक्षिकेने पुस्तक मिटले आणि काडेपेट्या व सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे वाटले. तीन काड्या, तीन तुकडे. काडी म्हणजे बाजू, जोड म्हणजे शिरोबिंदू आणि जोडापाशी दोन काड्यांमध्ये होतो तो कोन. मग चार काड्यांचा चौरस झाला. बोटाने दाबताच तो कलंडून समभुज चौकोन बनला. त्रिकोण मात्र हलेना. छपराच्या कैचीत आणि विजेच्या मनोऱ्यांत त्रिकोण का असतात, हे कुणाला सांगावे लागले नाही. पुढे झाडूच्या काड्या आल्या: 3, 4 आणि 9 सेंटीमीटर. टोके काही केल्या जुळेनात. ‘दोन लहान काड्या मिळूनही मोठीला पुरत नाहीत,’ असे एका मुलाने जाहीर केले. कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हा नियम त्याने स्वतःच्या भाषेत मांडला होता.

हा प्रयोग नवा नाही. 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. पुढे ‘एकलव्य’ने तो सांभाळला. 1978 मध्ये पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन तेथे गेलेल्या अरविंद गुप्ता यांनी आठवडी बाजारातल्या स्वस्त वस्तूंतून काड्या-नळीचे हे नमुने घडवले. तीस वर्षे चाललेला तो कार्यक्रम राज्य सरकारने 2002 मध्ये बंद केला. काड्या तर आजही तितक्याच स्वस्त आहेत. महाग आहे तो वेळ, आणि चुकू देण्याची मुभा.

2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अनुभवातून शिकण्यावर भर दिला आहे. पण धोरणातला शब्द वर्गात पोहोचेपर्यंत अनेकदा विधी बनतो. गणिताच्या साहित्याची पेटी कपाटात कुलूपबंद राहते. हरवले तर भरपाई कोण देणार, ही धास्ती असते. अभ्यासक्रम ‘पूर्ण’ करण्याची तारीख ठरलेली असते आणि परीक्षेत प्रश्न येतो तो व्याख्येचाच. अशा वेळी काड्या वाटणाऱ्या शिक्षकाला शाबासकीऐवजी मागे पडल्याचा शेरा मिळतो. परीक्षेतला प्रश्न बदलल्याशिवाय वर्ग बदलणार नाही, असे मला वाटते.

तास संपताना मी त्या मुलीकडे पाहिले. पुठ्ठ्याचा त्रिकोण तिने बाकावर एका बाजूवर उभा केला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ‘ज्या बाजूवर ठेवू, तोच पाया,’ ती शेजारणीला सांगत होती. घंटा झाली तरी ती जागची उठली नाही.