काका, मला वाचवा!
(नारायण पेठेतील वाहनशास्त्राची तोंडओळख)

परगावाहून शिकायला येऊन नारायण पेठेत खोली घेणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना मेसचा पत्ता, अभ्यासिकेचे दर आणि घरमालकांचे नियम कुणी ना कुणी समजावून सांगतो. रस्ता कसा ओलांडावा हे मात्र कुणी सांगत नाही. ते ज्याचे त्याने स्वतःच्या जबाबदारीवर शिकावे, अशी पेठेची जुनी शिस्त आहे. ती मोडून चार शब्द लिहीत आहे.

नारायणराव पेशव्यांचे नाव या पेठेला आहे. १७७३ साली शनिवारवाड्यात गारदी मागे लागले, तेव्हा त्यांनी ‘काका, मला वाचवा’ असा टाहो फोडला, असे परंपरा सांगते. काकांनी वाचवले नाही, हे सर्वश्रुत आहे. आज अडीचशे वर्षांनी त्याच नावाच्या पेठेत पादचारी तोच टाहो फोडतो. फरक इतकाच, की आता काका स्वतःच स्कूटरवर असतात.

पुणेकराला नियम ठाऊक नाहीत, असा बाहेरच्यांचा समज आहे. तो चूक आहे. नियम त्याला तोंडपाठ असतात. ते आपल्याला लागू नाहीत, एवढेच त्याचे म्हणणे असते. हे म्हणणे आले कोठून? माझ्या मते सायकलवरून. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पेठेतल्या गल्ल्या त्याच्याही आधीच्या, पायी चालणाऱ्यांसाठी आणि पालखी-बैलगाडीसाठी आखलेल्या. वाड्याची दिंडी उघडली की पाऊल थेट रस्त्यावर. मध्ये पदपथ नाही. अशा गल्लीत सायकलस्वार चार घरे उलट दिशेने जाई, ओळखीचा भेटला की रस्त्यातच पाय टेकून गप्पा मारी, कोपरा कापून वळे. कुणाचे काही बिघडत नसे. फार तर धोतर चेनमध्ये अडके.

मग १९७२ साली ‘चेतक’ आली आणि त्याच साली ‘लूना’ही. दोन्हींचे कर्ते पुण्याचेच. पेठेने वाहन बदलले, सवयी मात्र जुन्याच ठेवल्या. येथे थोडे गणित करावे लागेल. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये. ताशी दहा किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला पावणेतीन मीटर पुढे सरकते. ताशी तीसने जाणारी स्कूटर सव्वाआठ मीटर. समोर काही आले हे डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. म्हणजे दिंडीतून पोर बाहेर आले, की ब्रेक लागण्यापूर्वीच स्कूटर दोन बिऱ्हाडे ओलांडून गेलेली असते. शिवाय वेग तिप्पट झाला की धक्क्याचा जोर तिप्पट होत नाही, नऊपट होतो. त्यात सायकलपेक्षा स्कूटरचे वजन कितीतरी जास्त. ‘समोरच तर जायचंय’ म्हणून उलट दिशेने घुसणाऱ्या काकांना हे नऊपट कुणी सांगितलेले नसते.

आता काही लक्षणे. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, असा नियम आहे. पेठेतल्या आतल्या चौकांतून सिग्नल नाहीतच, तेव्हा हा नियम जणू आमच्यासाठीच केलेला. प्रत्यक्षात ज्याचा हॉर्न आधी त्याची वाट, असा निवाडा होतो. दिवा डावीकडचा लुकलुकत असेल तर तो मागच्या आठवड्यातल्या वळणाचा समजावा. खरे वळण उजव्या पायाने दाखवले जाते. सम-विषम तारखांच्या पाटीखाली गाडी लावताना तारीख विचारू नये, कारण उत्तर ‘दोनच मिनिटं’ असे मिळते. आपल्या दारावर ‘येथे वाहन लावल्यास हवा सोडली जाईल’ असे रंगवून घेणारे गृहस्थ स्वतःची गाडी शेजाऱ्याच्या तशाच पाटीखाली लावतात, हे मी रोज पाहतो. हेल्मेट कोपरात अडकवलेले असते. कोपर सुरक्षित राहते. कायद्यात हेल्मेट १९८८ पासून आहे, पण २०१९ च्या जानेवारीत त्याची सक्ती सुरू होताच शहरात हेल्मेटची प्रतीकात्मक अंत्ययात्रा निघाली. डोके आमचे आहे, ही भूमिका मी समजू शकतो. पण गल्लीत चालणाऱ्याचे डोके तरी त्याचे राहू द्यावे.

कारण गल्लीत आता चालतात कोण? एक आम्ही विद्यार्थी आणि दुसरे म्हातारे. मुले कोथरूडला किंवा अमेरिकेला गेली, आईवडील पेठेतच राहिले. आमच्या मालकीणबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. पत्र्या मारुतीला त्यांचा शनिवार कधी चुकला नव्हता. गेल्या दिवाळीपासून त्या जात नाहीत. आम्हा पोरांपैकी कुणाच्या तरी हाती तेलाची वाटी देतात. गुडघे ठीक आहेत, असे त्या बजावून सांगतात. देऊळ तेथेच आहे. मधला रस्ता मात्र त्यांना पार करता येत नाही. खडकवासल्याचे पाणी सोडून भिडे पूल बुडाला म्हणजे तर तिकडची सारी वाहने वाट शोधत फिरतात, आणि त्या दिवशी तेलाची वाटी घेऊन निघालेला तरुणही दहा मिनिटे पायरीवर उभा राहतो.

तेव्हा नव्या मित्रांनो, रस्ता ओलांडण्याची रीत अशी. हॉर्नकडे लक्ष देऊ नका, चालकाच्या डोळ्यांकडे पाहा. हात वर करा. धावू नका आणि मध्येच थबकूही नका. तुमच्या चालीचा हिशेब काकांनी मनात केलेला असतो आणि तो चुकला की ते तुम्हालाच रागावतात. एखाद्या आजी कडेला उभ्या असतील तर त्यांना सोबत घ्या. लक्ष्मी रस्ता एकदिशा आहे म्हणून एकाच बाजूला पाहून उतरू नका. आणि पलीकडे पोचलात की लगेच एखाद्या दुकानाच्या पायरीवर चढा, कारण तिकडून कडेकडेने, उलट्या दिशेने, कुणीतरी ‘समोरच’ निघालेले असते.