तडा गेला की आतूनच डागडुजी

दुकानात बिल फाडताना कधी लक्ष दिलंय का? मध्ये कार्बन पेपर नसतो, तरी वरच्या पानावर लिहिलेलं खालच्या पानावर उमटतं. वरच्या पानाच्या मागच्या बाजूला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कॅप्सूल असतात. पेनाचा दाब पडला की त्या फुटतात, आतलं रसायन खालच्या पानावरच्या लेपाला लागतं आणि अक्षर दिसतं. १९५०च्या दशकात आलेली हीच युक्ती पुढे तडे भरायला कामी आली.

पवनचक्कीची पाती, विमानाचे काही भाग, फायबरच्या होड्या हे सगळं कंपोझिटचं असतं. म्हणजे काचेचे किंवा कार्बनचे धागे, आणि त्यांना धरून ठेवणारं एपॉक्सीसारखं पॉलिमर. हलकं आणि मजबूत. पण रोजच्या हादऱ्यांनी आतल्या आत केसासारखे तडे पडतात. बाहेरून काही कळत नाही आणि तडा वाढत राहतो. धोका नेमका इथे आहे.

२००१ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या स्कॉट व्हाइट आणि सहकाऱ्यांनी एपॉक्सीत दोन वस्तू मिसळल्या: डायसायक्लोपेंटाडाईन हा द्रव भरलेल्या मायक्रोकॅप्सूल आणि ग्रब्ज उत्प्रेरक. तडा कॅप्सूलपर्यंत आला की तिचं कवच फुटतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा द्रव फटीत पसरतो. आपली मुलं शाळेत ज्याला केशाकर्षण म्हणून शिकतात, तेच हे. उत्प्रेरकाला भेटताच द्रव घट्ट होतो आणि फट सांधली जाते. प्रयोगात ४८ तासांनी, साध्या खोलीच्या तापमानाला, ७५ टक्क्यांपर्यंत चिवटपणा परत आला. हा उत्प्रेरक शोधणाऱ्या रॉबर्ट ग्रब्ज यांना २००५ साली रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

सगळी कसोटी कवचाची. फार नाजूक असेल तर मिसळतानाच फुटेल. फार कडक असेल तर तडा बाजूने निघून जाईल आणि द्रव आतच राहील.

मर्यादाही समजून घ्या. एक कॅप्सूल एकदाच फुटते. त्याच जागी पुन्हा तडा गेला तर द्रव उरलेला नसतो. मोठी फट तिच्याने भरत नाही. शिवाय त्या उत्प्रेरकात रुथेनियम हा महाग धातू असतो. म्हणून ‘स्वतः दुरुस्त होणारं’ म्हणजे ‘कधीच न मोडणारं’ असा अर्थ घेऊ नये. तडा वाढायला उशीर होतो, एवढं काम ती करते. तपासणी मात्र माणसालाच करावी लागते.